पाळण्यापूर्वींचें ताट

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती म्हणतांना आपल्या मनांत बहुधा मुलाची बुद्धि, स्वभाव व पुढील कर्तृत्व हीं असतात. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वैद्यकशास्त्रानें जें संशोधन केलें आहे तें पाहतां ही म्हण शरीराच्या बाबतींत अधिकच खरी ठरली आहे; इतकेंच नव्हे, तर पाळणा बांधण्याच्याहि आधीं ते पाय दिसूं लागतात, असें म्हणण्याची पाळी आली आहे. पन्नाशीच्या सुमारास उद्भवणारा मधुमेह, साठीच्या सुमारास येणारा हृद्रोग, यांना आपण 'वयाचे रोग' म्हणतों आणि प्रारब्धावर किंवा नोकरींतील दगदगीवर हवाला ठेवून मोकळे होतों. त्या रोगांची एक मुळी फार मागें, बाळाच्या पहिल्या घांसापर्यंत व त्याच्या आईच्या ताटापर्यंत, पोंचलेली असते, हें आज आम्हांला आमच्या वाचकांपुढें मांडावयाचें आहे. विषय शास्त्राचा असला तरी त्याचा निकाल स्वयंपाकघरांत लागतो. म्हणूनच तो या पृष्ठांवर घेणें उचित वाटतें.

या संशोधनाचा एक उगम कांहीं जुन्या वह्यांत आहे. इंग्लंडांतील हर्टफर्डशायर परगण्यांत एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखालीं १९११ सालापासून नवजात बालकांची नोंद ठेवण्यांत येऊं लागली. जन्मतां वजन किती, मूल अंगावर पितें कीं बाटलीनें, वर्षाचें झालें तेव्हां वजन किती, असा तो साधा तपशील. या वह्या अनेक वर्षें पडून होत्या. पुढें साउथॅम्प्टन येथील डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हातीं त्या आल्या व त्यांनीं त्यांतील मुलांचें पुढें काय झालें याचा माग काढला. १९११ ते १९३० या काळांत जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांची ती हकीकत १९८९ सालीं प्रसिद्ध झाली. जन्माच्या वेळीं व वर्षाच्या वयांत ज्यांचें वजन सर्वांत कमी होतें, त्यांच्यांतच हृद्रोगानें मृत्यु येण्याचें प्रमाण सर्वांत अधिक आढळलें. तागडीवर मूल ठेवून आंकडा टिपणाऱ्या त्या बायांना आपण कित्येक दशकांनंतरच्या दुखण्याची पूर्वसूचना लिहून ठेवीत आहों, याची कल्पनाहि नसेल.

असें कां व्हावें? याचें कारण असें कीं शरीराचें घर एकदांच बांधलें जातें. मूत्रपिंडांतील गाळण्या किती असावयाच्या हें मूल जन्माला येण्याच्या सुमारासच ठरून जातें. मागून त्यांत भर पडत नाहीं. रक्तांतील साखर आवरणारें इन्शुलिन ज्या स्वादुपिंडांत तयार होतें, त्यांतील पेशींचा पुष्कळसा सांठा गर्भावस्थेंत व लहानपणींच्या पहिल्या वर्षांत जमतो. या काळांत सामग्री कमी पडली, तर निसर्ग धोरणी गृहस्थाप्रमाणें वागतो. तो मेंदूचा वांटा आधीं काढून ठेवतो आणि स्नायु, मूत्रपिंडें, स्वादुपिंड यांच्या वांट्याला कात्री लावतो. शिवाय दिवस टंचाईचे आहेत, मिळेल तें सांठवून ठेवावें, असा धडा तें कोंवळें शरीर गिरवून ठेवतें. पुढेंहि टंचाईच राहिली तर तो धडा उपयोगी पडतो. पण तेंच मूल मोठें होऊन खुर्चीवर बसून काम करूं लागलें व त्याच्या ताटांत रोज गोडधोड पडूं लागलें, म्हणजे लहानपणीं पाठ झालेला तो धडा त्याच्याच मुळावर येतो. पहिल्या इयत्तेंत अक्षराला लागलेलें वळण शेवटच्या इयत्तेपर्यंत जात नाहीं, हें आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें पाहिलें आहे. शरीराच्या वळणाचीहि बरीचशी तीच तऱ्हा आहे.

या गोष्टीचा एक दुःखद पडताळा हॉलंडांत मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत, जर्मन सैन्याच्या ताब्यांत असलेल्या पश्चिम हॉलंडची रसद तुटली व दरडोई रोजचा शिधा हजार उष्मांकांच्याहि खालीं गेला. मे १९४५ मध्यें तो प्रदेश मुक्त झाला आणि अन्न पुन्हां मिळूं लागलें. म्हणजे उपासमार कांहीं महिन्यांचीच. परंतु त्या महिन्यांत जीं मुलें आईच्या पोटांत होतीं, त्यांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी केली, तेव्हां रक्तांतील साखर आवरण्याची त्यांच्या शरीराची शक्ति इतरांहून उणी आढळली. त्या उपासमारीची आठवण त्यांना स्वतःला असणें शक्यच नव्हतें. त्यांच्या शरीराला मात्र ती होती.

कोणी म्हणेल, हें विलायतेचें झालें. आमच्या देशांत काय? तर या विषयांतील एक नामांकित संशोधन आपल्या पुण्याजवळच झालें आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा आहार, त्यांचीं बाळंतपणें व पुढें त्यांचीं मुलें यांचा अभ्यास हातीं घेतला. तेथील नवजात मुलांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. साउथॅम्प्टनच्या मुलांचें ३.५ किलो. पण गोष्ट वजनावरच थांबली नाहीं. आपल्या मुलांच्या अंगीं स्नायु पुष्कळच कमी होते, परंतु चरबी मात्र त्या मानानें कमी नव्हती. वरून कृश आणि आंतून मेदुर, असें हें आपलें बालक जन्मालाच येतें. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ज्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले, तिनें देशांतील मधुमेही माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांत अंगानें सडपातळ असलेलीं माणसेंहि पुष्कळ असतात, याचें आश्चर्य वाटणाऱ्यांनीं या नवजात मुलांची हकीकत ध्यानांत घ्यावी.

आतां त्या माउल्यांच्या ताटांत काय होतें तें पाहूं. पुण्याच्या अभ्यासांत मुलाच्या जन्मवजनाचा संबंध आईच्या पोटांत किती उष्मांक गेले याच्याशीं जुळला नाहीं. तो जुळला तो निराळ्याच गोष्टीशीं. ज्या स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध वरचेवर घेत होत्या, त्यांचीं मुलें जन्मतां अधिक भरलेलीं होतीं; आणि ज्यांच्यावर कष्टाच्या कामाचा भार अधिक, त्यांचीं मुलें लहान होतीं. म्हणजे पोट भरणें निराळें व पोषण होणें निराळें. याच स्त्रियांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश जणींच्या रक्तांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. ज्यांच्यांत तें कमी आणि फोलेट हें दुसरें जीवनसत्त्व मात्र अधिक, त्यांच्या मुलांच्या शरीरांत सहाव्या वर्षींच इन्शुलिन नीट काम करीत नसल्याचीं चिन्हें दिसलीं.

ही बी-१२ ची गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. हें जीवनसत्त्व वनस्पतींत नसतें. तें दूध, दहीं, अंडीं, मासे, मांस यांतून मिळतें. सारस्वत घरांतून माशांची सोय आहे; इतर शाकाहारी घरांचा सारा भरंवसा दूध-दह्यावर. आणि तेंच दूध घरांत कोणाच्या वांट्याला येतें तें पाहावें. वडिलांचा पेला, मुलांचे पेले, देवाचा नैवेद्य, चहा. मग सुनेच्या वांट्याला चहांतील दोन चमचे. चहांतील दोन चमचे म्हणजे दूध नव्हे. शाकाहार सोडावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तो आमचाहि कुलाचार आहे. परंतु जो नियम आपण पाळतों, त्याचीं पथ्येंहि पाळलीं पाहिजेत. सुनेला दिवस जाण्यापूर्वींच एकदां तिचें रक्त तपासून घ्यावें व डॉक्टर सांगतील तर बी-१२ ची गोळी सुरू करावी. गरोदरपणांत डॉक्टर फॉलिक ॲसिडची गोळी देतात ती बंद करावी असा याचा अर्थ नव्हे. ती हवीच, तिच्या जोडीला बी-१२ हवें, एवढाच अर्थ.

पण गोळीहून महत्त्वाचें आहे तें आपल्या पंगतीचें वळण. संस्कृतांत गर्भिणीला 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयें असलेली, असें म्हटलें आहे. आपल्या 'डोहाळे' या शब्दाचें मूळ तेथेंच दाखवितात. एका ताटावर दोन जीव जेवावयास बसलेले आहेत, हें त्या एका शब्दांत सांगून ठेवलें आहे. त्याला अनुसरून आपण सातव्या महिन्यांत डोहाळजेवण करतों, फुलांचे दागिने घालून तिला झोपाळ्यावर बसवितों, चार पक्वान्नें करतों. पण तो एक दिवस झाला. उरलेल्या दिवसांचें काय? अद्यापहि पुष्कळ सुशिक्षित घरांतून पुरुषांची व मुलांची पंगत आधीं उठते आणि वाढणाऱ्या मागून बसतात. तोंवर भाजीचें पातेलें खरवडून झालेलें असतें, कोशिंबीर संपलेली असते, दह्याच्या भांड्यांत ताक करण्यापुरतें विरजण उरलेलें असतें. सून नोकरी करणारी असली तर सकाळीं उभ्या-उभ्या चहा-पोळी, आणि डब्यांत कालची बटाट्याची भाजी. तिच्या तोंडून तक्रार निघत नाहीं, म्हणून सर्व ठीक चाललें आहे असें आपण धरून चालतों.

त्यांतच 'फार खाऊं नको, मूल मोठें झालें तर बाळंतपण जड जाईल' हा सल्ला कोणी वडीलधारी बाई देते. हा सल्ला प्रेमाचा असला तरी घातक आहे. दुसरी गोष्ट उपवासाची. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार मिळून महिन्यांत पांच-सहा दिवस साबुदाण्यावर जातात, आणि साबुदाण्यांत नुसत्या पिठापलीकडे फारसें कांहीं नसतें. बाल, वृद्ध, आतुर व गर्भिणी यांस धर्मशास्त्रानेंच उपवासाच्या बंधनांतून मोकळें ठेवलें आहे. शास्त्रानें दिलेली सूट सासूनें काढून घेऊं नये.

बाळ जन्मल्यावर पहिले सहा महिने केवळ आईचें दूध द्यावें, पाणीहि नको, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि अन्न सुरू झाल्यावरहि दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनहि पुढें अंगावर पाजणें चालू ठेवावें, अशी तिची शिफारस आहे. जन्मतांच मध चाटविण्याची रीत जुनी आहे. परंतु मधांत कधीं कधीं असें जंतुबीज असतें कीं तें तान्ह्या बाळाच्या आंतड्यांत रुजून जीवघेणा रोग उत्पन्न करतें. म्हणून बाळ वर्षाचें होईपर्यंत मधाचें बोटहि लावूं नये.

सहा महिने सरले कीं वरचें अन्न. येथें जुन्या व नव्या शास्त्राचें मत जुळतें. सुश्रुतसंहितेंत बाळाला सहाव्या महिन्यांत हलकें व हितकर अन्न द्यावें असें सांगितलें आहे, आणि अन्नप्राशन हा षोडश संस्कारांपैकीं एक संस्कार मानला आहे. उपनयन व विवाह यांच्या पंक्तीस मुलाच्या पहिल्या घांसाला बसविणाऱ्या पूर्वजांना त्या घांसाची योग्यता कळली होती. आपण मात्र चांदीची वाटी, खिरीचा चमचा व छायाचित्रें एवढ्यावर तो संस्कार आटोपतों, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला वरणावरचें पाणी देऊं लागतों. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकीं पुरेसा आहार मिळणारीं मुलें शेंकडा ११ च भरलीं. आणि सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांपैकीं शेंकडा ६७ मुलें पांडुरोगी, म्हणजे रक्त कमी असलेलीं, आढळलीं.

याला औषध घरांतच आहे. अन्न पातळ नको; चमचा कलता केला तरी त्यावर ठरेल इतकें तें दाट असावें. पाणी वाढवून वाटी भरते, पण बाळाचें पोट चिमुकलें असतें व तें पाण्यानेंच भरून जातें. कुसकरलेला मऊ वरणभात व वर तूप. मुगाच्या डाळीची खिचडी, तींत शिजवून घोटलेला पालक, माठ अथवा तांबडा भोपळा. मोड आणून वाळविलेल्या नाचणीचें सत्त्व. घरचें ताजें दहीं, केळें, शिजवून कुसकरलेलें सफरचंद. ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं अंडें. आठ महिन्यांपर्यंत दिवसांतून दोन-तीन वेळां, पुढें तीन-चार वेळां. डाळ-भाजीवर लिंबाचे चार थेंब पिळावे, म्हणजे त्यांतील लोह अंगीं लागतें; आणि चहा मुलाच्या आसपासहि नसावा, कारण चहानें तेंच लोह अंगीं लागावयाचें राहतें. वर्षानंतरहि मुलाला नुसत्या दुधावर ठेवूं नये. दूध चांगलें खरें, पण त्यांत लोह जवळजवळ नाहीं. दुधानें पोट भरलेलें मूल वरणभाताला तोंड लावीत नाहीं व फिकट पडत जातें.

या पहिल्या दिवसांतील घांसाला किती मोल आहे, हें मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशांतील एका प्रयोगावरून कळतें. तेथें १९६९ ते १९७७ या काळांत चार खेडीं घेऊन दोहोंतील मुलांना प्रथिनयुक्त पौष्टिक पेय व दोहोंतील मुलांना नुसतें गोड पेय देण्यांत आलें. तीं मुलें मोठीं होऊन कमावतीं झाल्यावर पाहिलें, तर ज्या मुलग्यांना दोन वर्षांच्या आंत तें पौष्टिक पेय मिळालें होतें, त्यांची तासाची मजुरी दुसऱ्या खेड्यांतील पुरुषांहून सुमारें शेंकडा ४६ नें अधिक होती. तीन वर्षांनंतर ज्यांना तें मिळालें, त्यांच्या बाबतींत असा फरक दिसला नाहीं. मुलाच्या शिक्षणासाठीं आपण त्याच्या पांचव्या वर्षापासून पैसा सांठवितों. त्याआधींच्या वाटीकडे मात्र आपलें लक्ष नसतें.

आतां साखरेकडे वळूं. युद्धकाळापासून इंग्लंडांत साखरेवर नियंत्रण होतें. तें सप्टेंबर १९५३ मध्यें उठलें. तोंवर माणशीं रोज सुमारें ४१ ग्रॅम साखर लागे. नियंत्रण उठतांच ती जवळजवळ दुप्पट, ८० ग्रॅमपर्यंत, गेली. दुसरें फारसें कांहीं बदललें नव्हतें. त्या सुमारास थोडें आधीं जन्मलेलीं व थोडें मागून जन्मलेलीं माणसें आज सत्तरीच्या घरांत आहेत. त्यांची तुलना करणारा निबंध २०२४ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्यांचा गर्भवास व पहिलीं दोन वर्षें, म्हणजे सुमारें हजार दिवस, नियंत्रणाच्या काळांत गेले, त्यांना उतारवयांत मधुमेह होण्याचा धोका शेंकडा ३५ नें व रक्तदाबाचा शेंकडा २० नें कमी आढळला. आणि ज्यांना ते रोग झाले, त्यांना मधुमेह चार वर्षें व रक्तदाब दोन वर्षें उशिरां झाला. या लाभाचा सुमारें तिसरा हिस्सा केवळ आईच्या पोटांतील महिन्यांचा होता. हजार दिवसांच्या पथ्याचें फळ साठ वर्षांनंतर मिळतें, असा हा हिशेब आहे.

याच संदर्भांत एका भगिनीनें आम्हांला पाठविलेल्या पत्राचा उल्लेख करतों. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. रोज संध्याकाळीं सासरे त्याला मांडीवर घेऊन चहांत बुडविलेलें बिस्किट भरवितात. ती लिहिते, "बाबांना मी एकदां भीत-भीत सुचवून पाहिलें. ते हंसून म्हणाले, 'सूनबाई, आम्हीहि हेंच खाऊन वाढलों. आम्हांला काय झालें?' बाबांना गेलीं पंधरा वर्षें मधुमेह आहे, हें मी त्यांना कसें बोलून दाखवूं?"

ही अडचण खरी आहे व ती सुनेनें सोडवावी अशी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. म्हणून आम्ही त्या आजोबांनाच उत्तर लिहितों. ते आमच्याच वयाचे असावेत.

आजोबा, आपण हेंच खाऊन वाढलों, हें आपल्या स्मरणाला विचारून पाहा. आपल्या लहानपणीं गोड होतें तें सणावारीं. श्रीखंड पाडव्याला, पुरणपोळी होळीला, लाडू-करंज्या दिवाळीला. बिस्किटाचा पुडा घरीं आला तर तो बहुधा कोणी आजारी असलें म्हणून. शाळेंतून आल्यावर हातावर पडे तो भाकरीचा तुकडा व शेंगदाण्याची चटणी, फार तर लाह्या-चुरमुरे. आज आपला नातू ज्या घरांत वाढत आहे तेथें डब्यांत बिस्किटें, कपाटांत गोळ्या, शीतकपाटांत सरबताच्या बाटल्या आहेत. दुधांत मिसळावयाच्या डब्यांतल्या पुडींतहि साखर आहे. आपल्याला सण होता तो त्याला रोजचा झाला आहे. गूळ दिला तर चालेल, असें मनांत आणूं नका. शरीराच्या हिशेबांत गूळहि साखरच. आपल्या मांडीवर बसून तो जें खातो, तें त्याला गोड लागतें तें साखरेमुळें जितकें, तितकेंच आपल्या मांडीमुळें. उद्यांपासून त्याच मांडीवर केळ्याचे काप, चिकूची फोड, उकडलेल्या रताळ्याचा तुकडा भरवून पाहा. दोन दिवस तो तोंड वांकडें करील. पण मांडीवरून उतरणार नाहीं.

मुलानें तोंड वांकडें केलें म्हणजे त्याला तें आवडत नाहीं, असा निर्णय आपण फार लवकर देतों. जीभहि शिकते, व तिचेंहि शिक्षण लवकर सुरू होतें. २००१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं स्त्रियांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, कांहींना अंगावर पाजण्याच्या काळांत, गाजराचा रस देण्यांत आला. त्यांच्या मुलांना वरचें अन्न सुरू केल्यावर गाजराची चव असलेलें अन्न इतर मुलांपेक्षां अधिक रुचलें. आई जी भाजी खाते, तिची ओळख बाळाला अशी आधींच झालेली असते. न रुचणारा पदार्थहि थोडाथोडा करून आठ-दहा वेळां पुढें केला, तर पुष्कळ मुलें तो स्वीकारतात. ज्या शिक्षकानें एकदां शिकवून 'याला येत नाहीं' म्हणून पाटी बाजूला ठेवली, त्याला आपण शिक्षक म्हणूं काय? मग कारल्याच्या किंवा मेथीच्या बाबतींत तोच न्याय कां लावूं नये? मात्र सक्ति नको. आणि मोबाईल समोर धरून, मुलाच्या नकळत घांस कोंबणें तर मुळींच नको. अशा मुलाला पोट भरल्याची जाणीव कधींच शिकतां येत नाहीं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. मूल कृश आहे म्हणून त्याला पुढें वाटेल तसें गुबगुबीत करावें, असा या सर्व विवेचनाचा अर्थ कोणी काढूं नये. दिल्लींत १९६९ ते १९७२ या काळांत जन्मलेल्या मुलांची वाढ अनेक वर्षें मोजून, तीं २६ ते ३२ वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांतील १,४९२ जणांची तपासणी केली व २००४ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था ज्यांच्यांत दिसली, तीं दोन वर्षांपर्यंत इतरांहून कृश होतीं आणि त्यानंतर मात्र उंचीच्या मानानें त्यांचें वजन इतरांहून झपाट्यानें वाढत गेलें होतें. पहिल्या दोन वर्षांत बाळसें धरावें, आणि पुढें उंची, बळ व खेळ वाढावेत. मेद वाढूं नये. तान्हेपणीं उपेक्षा आणि शाळेंत जाऊं लागल्यावर वडे-चिवडे व मिठाई, हा उलटा क्रम सर्वांत वाईट.

हें सर्व वाचून ज्यांचीं मुलें मोठीं झालीं आहेत त्या मातांनीं स्वतःला दोष देत बसूं नये. वर सांगितलेले आंकडे अनेकांच्या सरासरीचे आहेत. कोणा एकाचें विधिलिखित त्यांत नाहीं. कमी वजनाचीं कित्येक मुलें निरोगी राहून ऐंशी वर्षें जगतात. ज्याचा पाया थोडा कच्चा राहिला, त्यानें वरचे मजले बेतानें चढवावे, एवढेंच. म्हणजे मैदानावर घाम गाळावा, गोड आवरावें व तिशीपासून रक्त तपासून घेत जावें. आणि दोष द्यावयाचाच झाला तर तो एकट्या आईला कां द्यावा? जिच्या पुढ्यांतील ताट दुसऱ्यांनीं वाढलेलें किंवा न वाढलेलें असतें, तिच्यावर त्याची सारी जबाबदारी टाकणें न्यायाचें नाहीं.

एकत्र कुटुंबांत भांडाराची किल्ली व हातांतला डाव वडीलधाऱ्यांकडे असतो. म्हणून आमची विनंति आजी-आजोबांना आहे. घरांत दिवस गेलेली किंवा अंगावर पाजणारी सून असेल, तर तिला पहिल्या पंगतीस बसवावें. दह्याची वाटी, पालेभाजी व एक फळ तिच्या ताटांत आहे कीं नाहीं हें सासूबाईंनीं स्वतः पाहावें. आणि नातवंड दोन वर्षांचें होईपर्यंत त्याच्या वाटींत साखर पडूं देऊं नये. यांतील कोणत्याहि गोष्टीला फारसा पैसा लागत नाहीं. पहिलीला तर मुळींच लागत नाहीं. केवळ एक पाट आधीं मांडावा लागतो.

शाळेच्या डब्याविषयीं कित्येक वाचकांनीं विचारणा केली आहे. तिचा विचार पुढील महिन्यांत करूं.